स्वतःचं केंद्र नव्हतं, तरी कोल्हापूर ऐकत होतं

कोल्हापुरातल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलंय: १९५० च्या दशकात आकाशवाणीचं केंद्र कोल्हापुरात नव्हतंच, जवळपासही नव्हतं. मग त्या काळात रेडिओने इथल्या गाण्यावर, बोलण्यावर, खेड्यापाड्यांवर परिणाम केला असं म्हणायला आधार काय? आणि घरात आजोबांचा व्हॉल्व्हचा सेट (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ) पडून आहे, तो सुरू करून बघावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, पण तोवर कृपा करून त्या सेटचा प्लग बोर्डात घालू नका.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझं मत ठाम आहे. रेडिओचा इतिहास आपल्याकडे स्टुडिओच्या बाजूने लिहिला जातो: कुठलं केंद्र कधी निघालं, कोण निवेदक होते, कोणते कार्यक्रम गाजले. मी जन्मभर जुने सेट उघडत नि जोडत आलोय, त्यामुळे मला हा इतिहास सेटच्या मागच्या पुठ्ठ्याकडून दिसतो. तिकडून बघितलं की कोल्हापूरची गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी निघते. पुणेकराच्या घरात पुणे केंद्र लागायचं. कोल्हापूरकराला रोज संध्याकाळी काट्यावर हात ठेवून शोधावं लागायचं, आणि त्या शोधात त्याच्या कानावर काय काय पडलं याचा हिशेब फार मोठा आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं. वर्षाला १० रुपयांच्या लायसन्सवर कंपनी तगली नाही, १९३० मध्ये गुंडाळली गेली आणि सरकारने कारभार हातात घेतला. जून १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. फाळणीनंतर आपल्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली अशी सहा केंद्रं उरली, आणि सगळ्या देशात मिळून सेट होते पावणेतीन लाखांच्या आसपास. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर धारवाड केंद्र १९५० ला, पुणे केंद्र १९५३ ला आणि आपल्याला खऱ्या अर्थाने जवळचं म्हणावं असं सांगली केंद्र १९६३ ला आलं. म्हणजे तुम्ही म्हणता त्या काळात आपण तीन-चार केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात होतो आणि एकही हाताशी नव्हतं.

आता यात विज्ञानाचा भाग आहे, तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मीडियम वेव्हची, म्हणजे मध्यम लांबीची, लहर दिवसा जमिनीला धरून चालते आणि अंतराबरोबर दमत जाते. आकाशाकडे गेलेली लहर परत येत नाही, कारण साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे तयार झालेला थर ती शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहर शेकडो किलोमीटर लांब खाली उतरते. त्यामुळे कोल्हापुरात दिवसा पुणे क्षीण लागायचं, तेही चांगला एरियल असेल तर. धारवाड त्या मानाने बरं लागायचं. आणि रात्री मुंबई, हैदराबाद, मद्रास, दिल्ली असे सगळे एकदम गर्दी करायचे, आवाज लाटेसारखा वर यायचा नि खाली जायचा. शॉर्ट वेव्हचं, म्हणजे आखूड लहरीचं, गणित आणखी वेगळं. ती लहर आकाशातूनच येते, त्यामुळे हजार किलोमीटरहून अधिक लांबचं कोलंबो सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्यापेक्षा स्पष्ट ऐकू यायचं. ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या आवडीनिवडीवर केवढा परिणाम करते बघा. आपल्या भाषेतलं केंद्र खरखरत येतंय आणि परक्या देशातून हिंदी गाणी खणखणीत येतायत, हा कोल्हापूरकराचा रोजचा अनुभव होता.

याला पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. पुरावा सेटमध्येच असतो. १९५० च्या दशकातला एखादा पाच व्हॉल्व्हचा सेट माझ्याकडे येतो, मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, कुठलाही. पुठ्ठा काढला की मी आधी बँड स्विच, म्हणजे मीडियम वेव्ह-शॉर्ट वेव्ह बदलायचा खटका, बघतो. त्या स्विचच्या वाफरवर (आतल्या चकतीवर) पितळी पात्या असतात आणि त्यांच्यावर चांदीचा मुलामा असतो. प्रत्येक वेळी बँड बदलला की पाती घासते. शहरातल्या घरातून आलेल्या सेटमध्ये शॉर्ट वेव्हच्या जागेवरचा मुलामा बहुतेक वेळा पार उडालेला असतो आणि तांबूस पितळ दिसायला लागलेलं असतं. डायलच्या काचेवर लंडन, कोलंबो, दिल्ली, बॉम्बे अशी छापील नावं असतात, पण घरच्यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवलेला नसतो. काचेच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला कुंकवाचा ठिपका असतो, टिकली चिकटवलेली असते, कुणी पेन्सिलीने रेघ मारलेली असते. २५ मीटरच्या (डायलवर लहरीची लांबी मीटरमध्ये असते) आसपास एक खूण, ४१ मीटरच्या पट्ट्यात एक, मीडियम वेव्हवर एक-दोन. त्या खुणा वाचल्या की ते घर काय ऐकत होतं ते कळतं. हे पुरावे कुठल्याही दफ्तरखान्यात मिळणार नाहीत.

आणि सेट मिळवणं-चालवणं ही काही सोपी बाब नव्हती. साध्या कारकुनाचे दोन-तीन महिन्यांचे पगार एका सेटला लागायचे. वर पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं, दरवर्षी नूतनीकरण, लहानशा पुस्तिकेत शिक्का. पोस्टाचा तपासनीस घरी यायचा. म्हणून सेट एका घरात असायचा आणि ऐकायचा सगळा बोळ. कोल्हापुरी घरात सेटची जागा ठरलेली: सोप्यात, भिंतीतल्या फळीवर, अंगावर क्रोशाचा रुमाल. छपरावर दोन बांबू, त्यांच्यात ताणलेली तांब्याची तार, चिनी मातीचे इन्सुलेटर, आणि अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की डायलवर कडकड सुरू व्हायची आणि घरातलं जाणतं माणूस उठून एरियल काढून अर्थिंगला जोडायचं. हे ज्याला जमायचं त्या पोराला गल्लीत मान असायचा.

सोप्यातला सेट मोठ्याने लावायचा, तो माजघरात ऐकू जावा म्हणून. मला वाटतं सगळ्यात खोल परिणाम इथे झाला. कोल्हापूर हे गाण्याचं गाव. जयपूर गायकीचे अल्लादिया खाँसाहेब इथल्या दरबारी, देवल क्लब ही संगीतसंस्था एकोणिसाव्या शतकापासूनची, गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नाटकांच्या आठवणी ताज्या. पण ते गाणं कोण ऐकत होतं? दरबारातले लोक, क्लबातले सभासद, थिएटरची तिकिटं काढणारे, आणि यात बहुतेक पुरुष. माजघरातल्या बाईच्या वाट्याला जात्यावरची ओवी, देवळातलं कीर्तन आणि गावात मैफल झाली तर भिंतीपलीकडून येईल तेवढं. रेडिओमुळे स्वयंपाक करता करता तिला ख्याल ऐकू आला. ज्या पिढीने लहानपणी असं न कळत ऐकलं, त्यातल्या कितीतरी मुली पुढे रीतसर गाणं शिकायला गेल्या.

दुसरी बाजू गाणाऱ्यांची. संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारचा आश्रय गेला. गवई, सतारिये, तबलजी यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच सुमाराला आकाशवाणीचा करार हा नवा आधार मिळायला लागला. त्यासाठी पुण्याला किंवा मुंबईला जाऊन स्वरपरीक्षा द्यावी लागायची. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, त्यांच्या काळात ही परीक्षा कडक झाली, श्रेणी ठरायला लागल्या. बुजुर्ग कलावंतांना परीक्षेला बसवणं हा अपमान आहे म्हणून मुंबईत मोठा विरोधही झाला. पण श्रेणी मिळालेल्या कलावंताला गावात काही वेगळीच प्रतिष्ठा मिळायची, "रेडिओस्टार" म्हणून पत्रिकेवर छापायचे. महाराजांच्या मर्जीची जागा अर्जाने आणि निवड समितीने घेतली. हे चांगलं झालं की वाईट, यावर माझं मत बदलत नाही: कुणाच्या तरी मर्जीपेक्षा परीक्षा बरी, पण अर्ध्या तासात राग आटोपण्याची सवय गाण्याला लागली, तो तोटा झालाच.

हार्मोनियमची गोष्ट तर कोल्हापूरकराने विसरूच नये. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण सांगितलं गेलं ते असं की पेटीचे सूर ठरलेले असतात, त्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) मिळत नाहीत, त्यामुळे ते आपल्या संगीताला मारक आहे. संगीतशास्त्राच्या दृष्टीने या म्हणण्यात तथ्य आहे. पण बंदी होती तीन दशकं. १९७१ पासून ती हळूहळू उठली. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. हार्मोनियमवादक म्हणून त्यांचं नाव सगळ्या हिंदुस्थानात. नाट्यसंगीत म्हणजे ऑर्गन आणि पेटी. गावोगावच्या भजनी मंडळात पेटी. म्हणजे ज्या वाद्यावर या भागाचं गाणं उभं होतं, तेच वाद्य राष्ट्रीय रेडिओवर चालत नव्हतं. साथीला सारंगी आणि व्हायोलिन आलं. सारंगियांना काम मिळालं ही जमेची बाजू, पण पेटीवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीला माइकसमोर जागा मिळाली नाही. त्यांचं वाजवणं ध्वनिमुद्रणात फारसं उरलं नाही ते यामुळेच. तुम्ही प्रबंध लिहिणार असाल तर हा एक विषयच पुरेसा आहे.

त्याच वेळी धारवाडहून जे येत होतं त्याची दखल मराठीत कुणी फारशी घेत नाही. धारवाड कानडी मुलखातलं, पण तिकडचं शास्त्रीय गाणं हिंदुस्थानी. मल्लिकार्जुन मन्सूर पुढे त्याच केंद्राचे संगीत सल्लागार होते. ते अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडून जयपूर गायकी शिकलेले, म्हणजे कोल्हापूरचंच गाणं धारवाडमार्गे कोल्हापूरला परत येत होतं. निवेदन कानडीत. कागल, गडहिंग्लज भागात ते सहज कळायचं, शहरात कळत नसलं तरी गाणं कळायचं.

केसकरांचा दुसरा निर्णय सगळ्यांना माहीत आहे. सिनेमाच्या गाण्यांमुळे अभिरुची बिघडते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी फिल्मी गाण्यांचा वेळ कापला, गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात म्हणून ते बंद केलं, निर्मात्यांशी बिनसलं आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ गेलीच. ती जागा कोलंबोच्या रेडिओ सिलोनने (सिलोन म्हणजे आजची श्रीलंका) घेतली. तिथे महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला जोरदार शॉर्ट वेव्ह प्रक्षेपक आयताच होता. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला सुरू झाली, निवेदक अमीन सायानी. दर बुधवारी रात्री आठ वाजता गल्लीत पोरं कुठल्या सोप्यापुढे जमतात त्यावरून कुणाचा सेट चांगला हे कळायचं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली.

पण केसकरांना खलनायक करून मोकळं होणं मला पटत नाही. जुलै १९५२ मध्ये शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही त्यांच्याच काळात. रात्रीची वेळ, मीडियम वेव्ह मोकळी झालेली, लांबची केंद्रं लागतायत. दीड तास एकच कलावंत. कोल्हापुरातल्या जाणत्या लोकांनी देशभरातले मोठे गायक-वादक पहिल्यांदा ऐकले ते या कार्यक्रमात, आणि दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरच्या चहाच्या दुकानात त्यावर वाद घातले. आपल्या घराण्यापलीकडचं गाणं ऐकायची सवय इथे लागली.

आणि मग गीतरामायण, म्हणजे रामकथा सांगणारी गीतमालिका. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५, रामनवमीचा शुक्रवार, तिथून पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गीत. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून एकूण ५६ गीतं. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, केंद्रावरचे सीताकांत लाड मागे उभे. पुण्याचा कार्यक्रम म्हणून तो ओळखला जातो, पण सुधीर फडके जन्मले कोल्हापुरात, गाणं शिकायला सुरुवात केली कोल्हापुरात. माडगूळकर ऐन उमेदीत इथल्या चित्रपटसृष्टीत वावरले. ठरल्या दिवशी गीत तयार झालंच पाहिजे, प्रसंग तीन-चार मिनिटांत डोळ्यांपुढे उभा राहिलाच पाहिजे, प्रत्येक पात्राला वेगळा स्वर पाहिजे, हे शिक्षण स्टुडिओतलं आहे. कोल्हापूरच्या स्टुडिओंनी जी माणसं घडवली त्यांच्यामुळे पुण्याच्या रेडिओला तो वेग आणि ती पकड मिळाली असं मी मानतो. इथे पुणे केंद्र सकाळच्या वेळी कमी लागायचं, म्हणून ज्यांच्याकडे उंच एरियल त्यांच्या घरी अंगणापर्यंत माणसं. सेटला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. तेवढ्यात कुणी शेजारी मिक्सर किंवा मोटर चालवून खरखर आणायला नव्हता, हे आपलं भाग्य.

आता खेड्यांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर तिथे आहे आणि ते कागदावर नोंदलेलं आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. कॅनडातल्या शेतकरी मंडळांच्या धर्तीवर. पाच जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. एकूण १५० गावं. फेब्रुवारी ते एप्रिल, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे २० कार्यक्रम. प्रत्येक गावात वीसएक जणांचं मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस. आधी सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मग सेट बंद करून त्यावर बोलायचं, आणि चिटणिसाने काय ठरलं, काय शंका निघाल्या ते लिहून पुण्याला पाठवायचं. पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांना उत्तरं. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं, पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. त्यांनी तीन प्रकारची गावं पडताळली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. म्हणजे चावडीवर कर्णा लावून ठेवल्याने गाव शहाणं होत नाही. ऐकून झाल्यावर माणसं बसून बोलली तर होतं. रेडिओच्या परिणामाबद्दल जगात जे मोजकं काटेकोर संशोधन त्या काळात झालं, त्यात आपला जिल्हा आहे. तरी कोल्हापुरात हे कुणाला माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही ज्या गावांत मंडळं होती ती शोधून काढा, त्यातल्या चिटणिसांची पोरं-नातवंडं अजून गावात असतील.

त्या गावच्या सेटबद्दलही थोडं सांगतो. वीज नव्हती, त्यामुळे ड्राय बॅटरीवरचे सेट. त्यात खास व्हॉल्व्ह यायचे, कमी करंट खाणारे, फिलॅमेंटला दीड व्होल्टच्या आतबाहेर आणि प्लेटला ९० व्होल्ट. दोन्ही मिळून विटेपेक्षा मोठा बॅटरीचा ठोकळा. तो संपला की तालुक्याहून नवा येईपर्यंत सेट मुका. म्हणून कार्यक्रम संपला की लगेच बंद करायची शिस्त होती, आणि मला वाटतं चर्चेला ती शिस्त उपयोगी पडली. आवाज चालूच राहिला असता तर बोललं कोण असतं?

भाषेवरचा परिणाम थोडक्यात सांगतो. निवेदकांची घोटीव मराठी इथल्या शाळांत आदर्श झाली. वक्तृत्व स्पर्धेतली पोरं तसं बोलायला लागली, आणि आपल्या बोलीबद्दल काही घरांत संकोच शिरला हेही खरं. पण पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात १९५५ पासून व्यंकटेश माडगूळकर होते, माणदेशातला माणूस, त्यामुळे खेड्यातली बोली सरकारी माइकवर सन्मानाने बोलली गेली. शेतकऱ्याला आपल्यासारखं बोलणारा आवाज सेटमधून ऐकू आला, याची किंमत त्या काळच्या माणसालाच कळेल.

राजकारणात रेडिओने काय केलं हे तीन प्रसंगांत बघा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालवलं, ४२.३४ मीटरवर. कुठल्याही जुन्या सेटच्या डायलवर मी ती जागा बोट ठेवून दाखवू शकतो, ४१ मीटरच्या पट्ट्याच्या जरा बाहेर, जिथे एरवी काही नसायचं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडलं. दुसरा प्रसंग ३० जानेवारी १९४८. गांधीजींच्या हत्येची बातमी त्याच संध्याकाळी रेडिओने सांगितली, मारेकरी हिंदू आहे हेही सांगितलं, कारण हिंदू-मुस्लिम दंगली टाळायच्या होत्या. एरवी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने कळलं असतं ते मोजक्या सेटांमधून रात्रीच्या आत गावभर झालं. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळ झाली, ब्राह्मणांची घरं जळाली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. बातमी वेगाने पोचते तेव्हा तिच्याबरोबर समजूतही पोचते असं नाही, हे या शहराने फार जवळून पाहिलं आहे.

तिसरा प्रसंग आपल्या अगदी शेजारचा. २५ नोव्हेंबर १९५५ ला आजऱ्यापलीकडच्या आंबोलीच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं ते चालवत. पोर्तुगीजांच्या केंद्राला कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून उत्तर द्यायचं. पुढे ते कॅसलरॉकला हलवलं आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चाललं. जळवा, साप, पाऊस यांच्यात जुने प्रक्षेपक जिवंत ठेवणं म्हणजे काय हे मी तांत्रिक माणूस म्हणून समजू शकतो. आंबोलीच्या दमट हवेत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन किती दिवस टिकतं ते ज्याने पावसाळ्यात गारगोटी-आजऱ्याकडचे सेट उघडलेत त्याला विचारा.

१९६३ मध्ये सांगली आलं आणि चित्र पालटलं. पन्नासेक किलोमीटरवरचं केंद्र, दिवसाढवळ्या, साध्या तारेवर लख्ख. इथल्या कलावंतांना स्वरपरीक्षेला एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता यायला लागलं. त्याच सुमाराला ट्रान्झिस्टर आले. छपरावरची तार गेली, अर्थिंग गेलं, लायसन्स राहिलं पण सेट सोप्यातून उठून गुऱ्हाळावर, उसाच्या पाटावर, पैलवानांच्या तालमीत गेला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोल्हापूर हादरलं, माणसं घराबाहेर आली, आणि बातमीसाठी उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन उघड्यावर बसली. एव्हाना ज्याचा त्याचा सेट झाला होता. गल्लीने मिळून ऐकायचा काळ तिथे संपत आला होता.

आता आजोबांचा सेट. इतकी वर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा सेट थेट लाइनवर लावू नका. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कोरडे पडलेले असतात. ते फुटतात किंवा शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर जाळतात, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाणारा कागदी कंडेन्सर गळत असेल तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊन तोही जातो. आधी हे दोन बदलायचे, मग ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडून सेटला वीज द्यायची. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचं; भगभगीत जळत राहिला तर लगेच बंद. एसी-डीसी सेट असेल, म्हणजे आत मोठा ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल, तर त्याच्या चासीवर थेट लाइन येऊ शकते, पुठ्ठा काढून हात घालायचा नाही. डायलची काच स्पिरिटने पुसू नका, आधी तिचे फोटो काढा. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा खणात लायसन्सची पुस्तिका असेल तर तिची पानं स्कॅन करून ठेवा. कुठल्या पोस्टाचा शिक्का आहे आणि कोणत्या वर्षांत नूतनीकरण झालं ते तुम्हाला कामाला येईल. आणि व्हॉल्व्हवरचे नंबर लिहून मला कळवा, बहुतेक अजून माझ्या डब्यात निघतील.